कमरेवरचा हात

आमच्या घरात बाळंतपणाच्या गोष्टी पुरुष जेवून उठले की सुरू व्हायच्या. आजोबा पान जमवायला बाहेरच्या खोलीत जायचे, बाबा रेडिओशी खुडबुड करत बसायचे आणि स्वयंपाकघरात आजी, आत्या, आई यांची बैठक जमायची. शेजारच्या बीजी आलेल्या असल्या तर मग विचारूच नका. "जा गं मुलींनो झोपायला," असं एकदा सांगितलं जायचं. आम्ही हललो नाही तर दुसऱ्यांदा कुणी सांगायचं नाही. त्यामुळे वार अडकते म्हणजे काय होतं, कळा पोटाऐवजी पाठीत आल्या तर बाईला कसं बसवायचं, अमकीला का टाके पडले आणि तमकी का वाचली नाही, हे सगळं शाळेतलं जीवशास्त्र सुरू व्हायच्या आधीच मला ठाऊक होतं.

आजोबा दिल्लीला केंद्र सरकारच्या नोकरीत आले आणि त्यांना क्वार्टर मिळालं विनयनगरला. आजचं सरोजिनी नगर ते हेच. आता तिथली जुनी बसकी क्वार्टरं पाडून उंच मनोरे उभे राहिलेत. पण तेव्हा पलीकडे पिलंजी गावातल्या म्हशी दिसायच्या, आणि दूध, गोवऱ्या, दाई या तिन्ही गोष्टी त्या गावातून यायच्या. मराठी घरं विखुरलेली होती. पहाडगंजात नूतन मराठी शाळा होती, करोलबाग आणि गोल मार्केटकडे ओळखीची कुटुंबं होती. शेजार मात्र फाळणीत सगळं सोडून आलेल्या पंजाब्यांचा. बीजी त्यांतल्याच. त्या लायलपूरच्या, आजी साताऱ्याची. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, पण एकमेकींच्या बाळंतपणांचा तपशील तोंडपाठ होता.

आजीचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. माझे वडील १९५१ साली साताऱ्यात जन्मले आणि त्यांना जगात आणलं आजीच्या मावशीनं. ही मावशी आमच्या घराण्यातली दंतकथा. बालविधवा. घरात सोवळ्यात कुजत ठेवण्याऐवजी एका शहाण्या भावानं तिला पुण्याच्या सेवासदनात नेऊन घातली. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या या संस्थेनं विधवा मुलींना मास्तरणी केलं, तसं नर्स आणि सुईणही केलं. शिकायला त्या ससून रुग्णालयात जात. लाल आलवणातली बाई एका पिढीत पांढऱ्या पातळात आली आणि तिच्या हातात स्वतःच्या कमाईचे पैसे खेळू लागले. मावशीकडे एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात कात्री, दोरा, कार्बोलिक साबण आणि नखं घासायचा ब्रश. घरात पाऊल टाकलं की तिचं पहिलं वाक्य, "पाणी उकळत ठेवा." दुसरं वाक्य, "आणि बायकांनो, हात धुवा." यावरून तिनं कित्येक सासवांशी भांडणं केली होती म्हणे.

मावशीच्या त्या पेटीमागे बराच मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच एका मुलीच्या दुःखातून झालेली आहे. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ दहाच दिवस जगलं. वैद्यकीची ओढ तिथून लागली असं सगळेच चरित्रकार सांगतात. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्वेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. बाईला तपासायला बाईच हवी, ही गरज तोवर सरकारदरबारीही पोचली होती. १८८५ साली लेडी डफरिनच्या नावाचा निधी उभा राहिला आणि त्यातून गावोगाव जनाना दवाखाने निघाले. त्याच साली दिल्लीत चांदणी चौकात मिशनरी बायकांचं सेंट स्टीफन्स रुग्णालय उघडलं. १९१६ मध्ये लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज सुरू झालं, फक्त मुलींसाठी. गोल मार्केटकडच्या मराठी बायकांना ते पायी जाण्याच्या अंतरावर. 'लेडी हार्डिंगला नाव घातलंय' हे वाक्य आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात ठसक्यात म्हटलं जायचं.

आजीचं दुसरं बाळंतपण मात्र दिल्लीत व्हायचं होतं. माहेरी भावाचं लग्न, आजोबांना रजा नाही, थोरला चार वर्षांचा. पंजाब मेलनं माहेरहून बाळंतविडा तेवढा आला. बाळंतशेपा, हळीव, डिंक, खारीक, वेखंडाचा तुकडा, जुन्या नऊवारींची मऊ दुपटी. मावशीनं सोबत पत्र पाठवलं होतं. त्यात ख्यालीखुशालीची एकच ओळ आणि बाकी सगळ्या सूचना.

डिसेंबर १९५५. दिल्लीची थंडी, पहाटेचे तीन. सफदरजंग रुग्णालयात नाव घातलेलं होतं आणि ते फार लांबही नव्हतं. पण दुसरेपणाच्या कळा आल्या त्या सपाट्यानं आल्या. आजोबा टांगा शोधायला बाहेर पडले. बीजींनी आजीकडे एकदा पाहिलं आणि टांग्याची वाट न बघता आपल्या मोठ्या मुलाला पिलंजीला पिटाळलं, तिथल्या दाईला, माईला आणायला.

माई साठीची असेल. जाडाभरडा घागरा, तोंडात हुक्क्याचा वास, हात मोठे आणि कोरडे. आजी पलंगावर रजई पांघरून कण्हत पडली होती. माईनं रजई ओढून काढली. "उठ जा छोरी, लेटके बालक ना होया करै." आजीला शब्द कळले नाहीत, हात कळला. तिला उभी केली, केसांचा अंबाडा सोडला, हातातल्या बांगड्या वर सारल्या. घरातल्या ट्रंकांची कुलुपं उघडायला लावली, डब्यांची झाकणंसुद्धा. अडलेलं मोकळं व्हावं म्हणून. आमच्याकडेही हे करतात, त्यामुळे आजीला त्यात नवल वाटलं नाही. मग खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालवलं. कळ आली की माई मागं उभी राहायची, मनगटाजवळचा तळवा आजीच्या माकडहाडावर रोवायची आणि सगळं अंग त्यावर टाकायची. "तिथं दाबलं की कळ निम्मी व्हायची," आजी सांगायची. आणि इथं गोष्ट थांबवून ती आमच्यापैकी एकीला पालथी वळवायची आणि नेमकी जागा दाखवायची. मला ती जागा आजही डोळे मिटून सापडेल.

अजवाइनचं गरम पाणी घोट घोट पाजलं. शेगडीवर तेल कोमट करून कमरेला, मांड्यांना चोळलं. शेवटी अंगणातल्या दोन विटा आणल्या, धुतल्या, त्यांवर आजीला उकिडवी बसवली. बीजी मागं पाटावर बसल्या, आजीच्या काखांतून हात घालून त्यांनी तिला छातीशी घट्ट धरली. आजीचं वाक्य असं : "माझी आई तिथं नव्हती, पण मला पाठीला पाठ नव्हे, छाती होती."

बाळ झालं, रडलं. माईनं नाळ लगेच कापली नाही. वार पडेपर्यंत बाळ आईच्या मांडीवर तसंच ठेवलं, जोडलेलं. मग तिनं ओच्यातून एक छोटी सुरी काढली. आणि आजी, एवढी गळून गेलेली, एकदम कडाडली. "ती नको! पाणी उकळा!" मावशीचं पत्र आठवलं होतं. हिंदी सुचेना, तेव्हा मराठीतच ओरडली. बीजींना 'पाणी' कळलं. आजोबांच्या दाढीच्या डब्यातून कोरं पातं काढलं, दोऱ्यासकट पातेल्यात उकळलं आणि त्यानं नाळ कापली. माई रागावली नाही. पात्याकडे जरा कौतुकानं बघत म्हणाली, हे पोराच्या बापाचं आहे ना, मग ठीक. ते 'पोर' म्हणजे माझी आत्या. टांगा आला तेव्हा ती दूध पीत होती.

गोष्ट इथंच संपवली असती तर सगळ्यांना आवडली असती. पण आजी पुढचंही सांगायची. माईला चहा दिला तो वेगळ्या कपातून. तो कान तुटलेला कप नंतर मोरीवरच्या फळीवर ठेवला आणि माई तेल लावायला रोज आली, त्या सगळ्या दिवसांत तो तिथंच राहिला. जिनं आजीच्या देहाला कुणी लावला नव्हता एवढा हात लावला, तिचा हात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागू दिला नाही. उत्तर भारतात नाळ कापणं हे विटाळाचं काम, म्हणून ते दलित बायकांच्या वाट्याला आलेलं. आपल्याकडे सुईणीची गत काही फार निराळी नव्हती. "तेव्हा आम्हाला त्यात वावगं वाटलं नाही," आजी म्हणायची आणि गप्प व्हायची. बीजी म्हणायच्या, आमच्याकडेही तेच.

या बायकांची बदनामी मात्र फार जोरात झाली. १९२७ साली कॅथरिन मेयो या अमेरिकन बाईचं 'मदर इंडिया' निघालं. त्यात दाई म्हणजे घाण, अज्ञान आणि मृत्यू यांचा पुतळाच उभा केला होता. गांधीजींनी त्या पुस्तकाला गटार-तपासनिसाचा अहवाल म्हटलं, पण घाण होती हेही नाकारलं नाही. दाईवर वार करणं सोपं होतं, कारण तिच्या बाजूनं लिहिणारं कुणी नव्हतं. दाईला शिकवून घ्यावं हा विचारही इंग्रजांच्याच काळातला. लेडी कर्झननं १९०३ मध्ये त्यासाठी निधी काढला. १९१८ पासून दिल्लीत आरोग्य-सेविका तयार करणारी शाळा होती. पुढं तिला लेडी रीडिंगचं नाव मिळालं. या सेविकांनी वस्तीत जाऊन दायांवर लक्ष ठेवायचं, त्यांना स्वच्छता शिकवायची. स्वातंत्र्यानंतर युनिसेफनं दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पेट्या प्रशिक्षित दायांना मिळू लागल्या. दिल्लीच्या दक्षिणेला बल्लभगढमध्ये एम्सनं १९६५ पासून ग्रामीण आरोग्याचं काम उभारलं. महाराष्ट्रात जामखेडला आरोळे दांपत्यानं आणि गडचिरोलीला बंग दांपत्यानं गावातल्याच बायकांच्या हातांवर विश्वास टाकून काय होतं ते दाखवलं. गडचिरोलीच्या ३९ गावांतला नवजात मृत्यूंचा आकडा निम्म्याहून खाली आला आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'नं तो छापला.

पण आकडे बघितले की मावशीचा त्रागा समजतो. १९४६ सालच्या भोर समितीनं हिशोब मांडला होता : दर हजार जन्मांमागे सुमारे वीस आया मरत होत्या. म्हणजे लाखाला दोन हजार. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत हाच आकडा लाखाला ९७ आहे. या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात माझ्या आजीची धाकटी जाऊ आहे. माण तालुक्यातल्या गावी तिची वार अडकली. सुईणीनं नाळ धरून ओढली. आजीनं ही गोष्ट सांगताना कधी आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. "गादी पिळली तर रक्त निघालं असतं," एवढंच सांगायची. ती अठरा वर्षांची होती. जुन्या बाळंतपणाचे गोडवे गाणाऱ्या लोकांना मला ही जाऊ दाखवावीशी वाटते.

म्हणून विटांवर जन्मलेल्या माझ्या आत्याचं बाळंतपण इस्पितळातच करायचं हे १९७८ साली घरात कुणी चर्चेला घेतलंच नाही. दिल्लीतलं मोठं सरकारी इस्पितळ. नाव सांगत नाही, कारण तेव्हा सगळीकडे कमीजास्त हेच चालायचं. आजी थर्मास आणि दुपटी घेऊन दारापर्यंत गेली. तिथं तिला थांबवलं. "बाहर बैठो माताजी." आत आत्याचे दागिने, बांगड्या, चप्पल सगळं काढून घेतलं. एनिमा दिला, ब्लेड फिरवलं आणि उताणी झोपवली. डाव्या-उजव्या बाजूला आणखी बायका, मध्ये पडदा नाही. उठून बसायला गेली तर दटावलं. ओरडली तर आया म्हणाली, "तब तो शरम नहीं आई, अब चिल्ला रही है." हे वाक्य मी पुढं वेगवेगळ्या बायकांकडून, वेगवेगळ्या इस्पितळांबद्दल इतक्यांदा ऐकलंय की ते कुठल्या तरी प्रशिक्षणात शिकवत असावेत असा मला संशय आहे. कात्री लावली ती न सांगता. टाके घातले ते ओरडू नको म्हणून सांगत.

आणि मग रक्तस्राव सुरू झाला. तेच, जावेचं. पण इथं डॉक्टर धावले, औषध टोचलं, रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या आणि आत्या वाचली. ती अजून दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगते : "त्यांनी मला वाचवलं. आणि जन्मात एवढी एकटी मी कधी नव्हते." बंद दाराबाहेरच्या बाकावर आजी बसली होती. तिला माकडहाडावरची ती जागा माहीत होती. तिचा हात रिकामा होता.

आत्याचं हे दुसरं वाक्य डॉक्टरांना ऐकू यायला बराच काळ लागला. ते ऐकू आलं ग्वाटेमालात. तिथल्या एका गर्दीच्या सरकारी इस्पितळात क्लाउस आणि केनेल या बालरोगतज्ज्ञांच्या गटानं साधा प्रयोग केला. काही बायकांसोबत एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई शेवटपर्यंत बसवली. पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, बाकी काही नाही. १९८० साली निष्कर्ष छापले : सोबत असलेल्या बायकांच्या कळांचा वेळ निम्म्याहून कमी झाला, बाळाच्या अडचणीही कमी दिसल्या. प्रयोग लहान होता. पण नंतर जगभर अशाच चाचण्या होत राहिल्या. २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र केली, तेव्हाही तेच निघालं : सतत सोबत असेल तर सिझेरियन कमी, वेदनाशामकांची गरज कमी, आणि बाळंतपणाची कडू आठवणही कमी. अमेरिकेत या सोबतिणीला 'डूला' म्हणू लागले. १९९२ मध्ये त्यांची संघटना झाली, अभ्यासक्रम आला, प्रमाणपत्र आलं. आणि तिथून ती गुडगावला आली.

मधल्या काळात दिल्लीत एक काम झालं होतं, त्याची आठवण ठेवायला हवी. जॅनेट चावला यांच्या 'मातृका' या संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राजस्थान, पंजाब, बिहार आणि दिल्लीच्या वस्त्यांमधल्या दायांना एकत्र बसवून बोलतं केलं. त्यांना शिकवायला नाही, त्यांच्याकडून ऐकायला. कुलुपं उघडणं, केस सोडणं, वार पडेपर्यंत नाळ न कापणं, बाळ रडलं नाही तर वारेला ऊब देणं, सगळं त्यात आलं. यातलं काय टिकाऊ आणि काय टाकाऊ हे पारखून घ्यायचं काम आपल्या वैद्यकशास्त्रानं मनावर घेतलंच नाही. नाळेपुरतं झालं ते असं की, जन्मल्यावर किमान मिनिटभर तरी नाळ कापू नये, बाळाला रक्त मिळतं, हे आता जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. माईला कुणी विचारलं असतं तर तिनं १९५५ मध्येच सांगितलं असतं. कारण मात्र निराळं दिलं असतं.

२०१९ मध्ये आत्याच्या धाकट्या सुनेला दिवस गेले. ती गुडगावच्या बावीस मजली इमारतीत राहणारी, नोकरी करणारी मुलगी. तिनं डूला ठरवली. आत्यानं पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे ती बाळंतपण करणार?" नाही. डूला तपासत नाही, औषध देत नाही, बाळ काढत नाही. ते डॉक्टर आणि नर्सचं काम. "मग करते काय?" सोबत बसते. आत्या थोडा वेळ गप्प राहिली. "आणि घेते किती?" आकडा ऐकून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

ही डूला सातव्या महिन्यापासून येत होती. कळा सुरू झाल्यावर रात्री घरी आली. दिवे मंद केले, सुनेला मोठ्या रबरी चेंडूवर बसवलं, पुढं पलंगावर ओणवं व्हायला सांगितलं. कळ आली की दोन्ही तळव्यांनी तिचे कुल्ले बाहेरून आत दाबायची, कधी माकडहाडावर जोर द्यायची. मी त्या रात्री तिथं होते. मला हसू आलं, कारण जागा तीच होती. मधून घोटभर पाणी, मधून चालणं, लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत फेऱ्या. नवऱ्यालाही कामाला लावलं, नुसता घाबरून उभा राहू दिला नाही. इस्पितळात गेल्यावर मात्र खाजगी, पंचतारांकित दारातही जुनाच नियम निघाला : आत एकच माणूस. नवरा किंवा डूला. सुनेनं डूलाचं नाव सांगितलं आणि माझा आतेभाऊ बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी उभा राहिला. मुलगी झाली, सिझेरियन न होता. देशात खाजगी इस्पितळांत शंभरातली ४७ बाळंतपणं सिझेरियननं होतात आणि सरकारीत १४, असं २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. तेव्हा हे सांगण्यासारखं आहे. दक्षिण दिल्लीतल्या सीताराम भरतियासारखी काही मोजकी रुग्णालयं विनाकारण सिझेरियन टाळण्याचं धोरण ठेवून चालतात. तिथं अशी सोबत परकी वाटत नाही.

घरी आल्यावर चाळीस दिवसांसाठी एजन्सीकडून जापेवाली आली. दिल्लीकडे बाळंतिणीच्या या दिवसांना जापा म्हणतात. मालिश, न्हाऊमाखू, बाळाचं सगळं बघणारी ही बाई आता गुडगाव-नोएडात युनिफॉर्म घालून येते. ही झारखंडची होती. पंजिरी करायची, हळिवाचे लाडू मात्र तिला पटेनात. बाळाला मांडीवर घेऊन तेल चोळताना तिचे हात बघितले आणि मी विचारलं, कुठं शिकलीस? म्हणाली, सासूकडून. गावात सासू आणि ती मिळून बाळंतपणं करायच्या. मग सरकारी योजना आली, सगळ्या बायका इस्पितळात जायला लागल्या, दाईचं काम संपलं. ती गाव सोडून आली. तिची स्वतःची धाकटी मुलगी आजीपाशी गावाला होती.

योजना म्हणजे २००५ ची जननी सुरक्षा योजना. तिनं चांगलंच केलं, यात मला शंका नाही. २००५-०६ मध्ये देशात शंभरातली ३९ बाळंतपणं इस्पितळांत होत होती, पंधरा वर्षांत ती ८९ वर गेली. दात धरण्याच्या, म्हणजे धनुर्वाताच्या, ज्या रोगानं नाळेवाटे पिढ्यान्‌पिढ्या बाळं नेली, त्याचं आयांमधलं आणि नवजात बाळांमधलं उच्चाटन झाल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं. मावशी असती तर तिनं साखर वाटली असती. माझी तक्रार एवढीच की, माईची सुरी घराबाहेर काढताना तिचा हातही आपण बाहेर काढला. आता तोच हात ज्यांना परवडतो ते विकत घेतात, प्रमाणपत्रासह. आणि ज्या बाईकडे तो हात आधीपासून आहे, ती फक्त बाळंतपणानंतर मालिशीला चालते, प्रसूतीच्या खोलीत नाही.

गुडगावच्या त्याच इमारतीत भांडी घासायला येणाऱ्या बाईची लेक गेल्या वर्षी बाळंत झाली. चक्करपूरच्या एका खोलीत राहणारी एकोणीस वर्षांची पोर. सरकारी इस्पितळात नेली, आशाताई सोबत होती, आईसुद्धा होती. दोघीही रात्रभर आवारात चादर टाकून बसून होत्या. आत पोरगी एकटी. आतून तिच्या हाका ऐकू यायच्या, असं आई सांगत होती, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "दीदी, मुझे बस उसकी कमर पकड़नी थी."

तिला आत जाण्याचा हक्क होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सगळ्या राज्यांना कळवलं आहे की, सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी बाईसोबत एक सोबतीण राहू द्यावी. अटी साध्या आहेत : ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबावं, डॉक्टरांच्या कामात मध्ये पडू नये. आडोसा असेल तिथं नवराही चालतो. २०१७ च्या अखेरीस आलेल्या 'लक्ष्य' या कार्यक्रमात प्रसूतीकक्षाच्या दर्जाच्या निकषांतही ही सोबत धरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत द्या असं सांगितलं. जागा नाही, गर्दी फार, असं दारावर उत्तर मिळतं. ते अगदीच खोटंही नाही. पण पडदा लावायला आणि एक स्टूल ठेवायला नवी इमारत बांधावी लागत नाही.

तुमच्या घरात, तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईच्या घरात, कुणाला दिवस गेले असतील तर इस्पितळात नाव घालायला जाल तेव्हा पहिल्याच दिवशी विचारा : कळा सुरू झाल्यावर आत कोण थांबू शकतं? नाही म्हणाले तर २०१६ च्या आदेशाचं नाव घ्या, आणि नकार लेखी मागा. सोबत कोण जाणार ते सातव्या महिन्यातच ठरवा, तिला दोनदा तपासणीला घेऊन जा, म्हणजे नर्सच्या ओळखीची होईल. कमरेवर नेमकं कुठं दाबायचं ते घरातल्या जाणत्या बाईला विचारून ठेवा. बहुतेक घरांत एखादीला अजून माहीत असतं.